रोमा वस्तीतून वैद्यकीय महाविद्यालयाकडे

युरोप खंडातील सर्वांत मोठा अल्पसंख्य समाज म्हणून ज्यांचा उल्लेख केला जातो, त्या रोमा लोकांची संख्या एक कोटी ते एक कोटी वीस लाखांच्या घरात असावी, असा अंदाज आहे. त्यांचे स्वतःचे असे राष्ट्र नाही. रुमानिया, बल्गेरिया, हंगेरी, स्लोवाकिया, सर्बिया आणि उत्तर मॅसिडोनिया या देशांत त्यांची वस्ती विशेष दाट आहे. हे लोक ईजिप्तमधून आले असावेत, अशा समजुतीतून त्यांना 'जिप्सी' हे नाव पडले. ती समजूत चुकीची होती आणि हे नाव आता त्या समाजातील बहुतेकांना अपमानकारक वाटते. त्यांचे पूर्वज सुमारे एक हजार वर्षांपूर्वी भारतातून पश्चिमेकडे गेले, ही गोष्ट अठराव्या शतकाच्या अखेरीस भाषाशास्त्रज्ञांच्या ध्यानी आली, ती त्यांच्या रोमानी भाषेवरून.

या भाषेत पाण्याला 'पानी' आणि कानाला 'कान' म्हणतात. दाताला 'दांद' आणि जिभेला 'छिब'. औषधाला 'द्रब' हा शब्द आहे व तो संस्कृत 'द्रव्य' शब्दापासून आलेला आहे. डोके दुखत असल्यास रोमा माणूस 'दुखल मन ओ शेरो' असे सांगतो. मराठी माणसाला हे वाक्य न शिकताही बरेचसे उमगेल. रुग्णाच्या उशाशी उभ्या असलेल्या युरोपीय डॉक्टरला मात्र ते उमगत नाही. अर्थात सर्वच रोमा आज रोमानी बोलत नाहीत. हंगेरीतील बहुसंख्य रोमांची मातृभाषा हंगेरियन झालेली आहे. रुग्णालय आणि रोमा वस्ती यांच्यामधील अंतर केवळ भाषेचे असते, तर ते एखाद्या दुभाष्याने मिटले असते. ते अंतर अविश्वासाचे आहे आणि त्याला सबळ कारणे आहेत. रोमा तरुण-तरुणींना डॉक्टर, परिचारिका, प्रसाविका व औषधनिर्माते करण्याचे जे प्रयत्न गेल्या काही दशकांत झाले, त्यांचे मोल जाणण्यासाठी प्रथम ही कारणे पाहावी लागतात.

अविश्वासाचे मूळ

आजच्या रुमानियाचा भाग असलेल्या मोल्डाव्हिया व वालाकिया या संस्थानांत रोमा लोक सुमारे पाच शतके गुलाम होते. मोल्डाव्हियात १८५५ साली व वालाकियात १८५६ साली ही गुलामगिरी संपुष्टात आली. पुढे दुसऱ्या महायुद्धात नाझी राजवटीने ज्यूंप्रमाणेच रोमांच्याही संहाराचे सत्र आरंभिले. ऑशविट्झ येथील छावणीत रोमा कुटुंबांसाठी वेगळा विभाग होता. २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री तेथे उरलेल्या चार हजारांहून अधिक स्त्री-पुरुष-बालकांना विषारी वायूने ठार मारण्यात आले. त्याच छावणीत डॉक्टर म्हणवणाऱ्यांनी रोमा मुलांवर प्रयोग केले होते, हे येथे विसरून चालणार नाही.

महायुद्धानंतरही पांढऱ्या कोटाविषयीची धास्ती ओसरावी, असे घडले नाही. १९७०च्या दशकापासून झेकोस्लोव्हाकियात अनेक रोमा स्त्रियांची नसबंदी पैशाचे आमिष दाखवून, दडपण आणून किंवा त्यांना पुरेशी कल्पनाही न देता करण्यात आली. राजवट बदलली, देशाचे दोन भाग झाले, तरी असे प्रकार पूर्णपणे थांबले नाहीत. स्लोवाकियातील एका रोमा स्त्रीकडून २००० साली प्रसूतीच्या वेदना चालू असताना संमतीपत्रावर सही घेण्यात आली आणि शस्त्रक्रियेच्या वेळीच तिची नसबंदी उरकण्यात आली. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २०११ मध्ये या प्रकरणी स्लोवाकियाला दोषी धरले. झेक प्रजासत्ताकाने अशा स्त्रियांना प्रत्येकी तीन लाख क्राउन भरपाई देण्याचा कायदा केला, तो २०२१ साली. तोपर्यंत यांपैकी कित्येक जणी वृद्ध झाल्या होत्या, काही हयातही नव्हत्या.

ज्या घरातील आजीने हे सोसले, त्या घरातील सून पहिल्या तपासणीसाठी रुग्णालयात सहजी जाईल, अशी अपेक्षा धरणे व्यर्थ आहे. युरोपीय संघाच्या मूलभूत हक्क संस्थेने २०२१ मध्ये केलेल्या पाहणीनुसार रोमा स्त्रीचे आयुर्मान सर्वसाधारण स्त्रीपेक्षा सुमारे ११ वर्षांनी, तर रोमा पुरुषाचे सर्वसाधारण पुरुषापेक्षा सुमारे ९ वर्षांनी कमी आढळले. पाहणीतील दर पाच रोमांपैकी चार जण दारिद्र्याच्या छायेत होते. दारिद्र्य, गावाबाहेरची वस्ती, पिण्याच्या पाण्याची टंचाई, आरोग्य विम्याची कागदपत्रे नसणे, ही सर्व कारणे यामागे आहेतच. परंतु दवाखाना जवळ असूनही त्यात पाऊल न टाकणे, हेही एक कारण आहे. आणि ते केवळ इमारती बांधून दूर होत नाही. आपल्यातील एखादी मुलगी त्याच दवाखान्यात परिचारिकेच्या पोषाखात दिसली, तर वस्तीतील स्त्रियांचा संकोच कमी होतो, या विचारातूनच पुढील योजनांनी आकार घेतला.

वाट कोठे तुटते

वैद्यकीय महाविद्यालयांत रोमा विद्यार्थी का दिसत नाहीत, या प्रश्नाचे उत्तर वैद्यकीय महाविद्यालयात सापडत नाही. ते प्राथमिक शाळेत सापडते. झेक प्रजासत्ताकातील ओस्त्रावा या औद्योगिक शहरातील अठरा रोमा मुलांच्या वतीने दाखल झालेल्या दाव्यात या दुखण्याचे निदान झाले. मंदबुद्धी मुलांसाठी चालविल्या जाणाऱ्या विशेष शाळांत या मुलांना घालण्यात आले होते. त्या शहरात रोमा मूल अशा शाळेत जाण्याचा संभव इतर मुलांच्या २७ पट होता, ही आकडेवारी न्यायालयापुढे मांडली गेली. बुद्धिमापनाच्या चाचण्या झेक भाषेत व झेक मध्यमवर्गीय घरातील अनुभवांवर बेतलेल्या होत्या. पालकांनी संमती दिली होती, हा शासनाचा बचाव न्यायालयाने मान्य केला नाही. आपण कशाला संमती देत आहोत हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्या सहीला अर्थ काय? १३ नोव्हेंबर २००७ रोजी मानवी हक्क न्यायालयाच्या विस्तारित पीठाने हा भेदभाव असल्याचा निर्णय दिला.

विशेष शाळेतील सोपा अभ्यासक्रम पुरा केलेल्या मुलाला पुढे विज्ञानाच्या माध्यमिक शाळेची दारे जवळजवळ बंदच असत. म्हणजे सहा-सात वर्षांच्या बालकाची एक चाचणी घेतली जाई आणि ते मूल कधीही डॉक्टर होणार नाही, हे त्याच दिवशी ठरून जाई. इतर देशांत विशेष शाळा नसल्या, तरी रोमा मुलांचे वेगळे वर्ग किंवा केवळ रोमा मुलेच उरलेल्या शाळा आहेत. अशा शाळेत पुष्कळदा रसायनशास्त्राची प्रयोगशाळा नसते आणि असलीच, तर तो विषय आवडीने शिकवणारा शिक्षक तेथे टिकत नाही. २०२१ च्या वर उल्लेखिलेल्या पाहणीत २० ते २४ वयोगटातील रोमांपैकी जेमतेम २७ टक्के तरुणांनी उच्च माध्यमिक शिक्षण पुरे केलेले आढळले. युरोपीय संघातील एकूण तरुणांत हे प्रमाण ८० टक्क्यांहून अधिक आहे. वैद्यकीय शिक्षणासाठी विद्यार्थी निवडायचे, ते या २७ टक्क्यांतून.

गांधी आणि आंबेडकर यांच्या नावाच्या शाळा

ही तूट भरून काढण्याचे दोन प्रयत्न हंगेरीत झाले आणि दोहोंचा भारताशी संबंध आहे. पेच या शहरात १९९४ साली 'गांधी विद्यालय' सुरू झाले. रोमा मुलांना विद्यापीठ प्रवेशाच्या परीक्षेपर्यंत नेणारी, वसतिगृहाची सोय असलेली ही माध्यमिक शाळा युरोपात आपल्या प्रकारची पहिलीच गणली जाते. महात्मा गांधींचे नाव देण्यात रोमांच्या भारतीय मूळस्थानाचे स्मरण होते. इतर विषयांबरोबर येथे रोमानी व बेयाश या रोमा समाजाच्या भाषाही शिकविल्या जाऊ लागल्या. आपली भाषा वर्गाबाहेर ठेवून यावी लागते, असे शिकलेल्या मुलांना ती वेळापत्रकात दिसू लागली. शाळेची पहिली तुकडी २००० साली बाहेर पडली.

दुसरा प्रयत्न महाराष्ट्राच्या अधिक निकटचा आहे. हंगेरीच्या ईशान्य भागात, खाणी व पोलादाचे कारखाने बंद पडल्याने बेकारी पसरलेल्या शायोकाझा या गावी २००७ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या नावाने शाळा निघाली. समाजशास्त्रज्ञ तिबोर देर्दाक व रोमा समाजातील यानोश ओर्शोश हे तिचे संस्थापक. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्राने प्रभावित होऊन हे दोघे महाराष्ट्रात आले, येथील बौद्ध बांधवांचे कार्य त्यांनी पाहिले आणि परत जाऊन 'जय भीम' याच नावाने संघटना स्थापन केली. शाळा अर्धवट सोडलेले तरुण आणि लहान वयात आई झालेल्या मुली यांना येथे पुन्हा अभ्यासाला बसविण्यात आले. या शाळेतून थेट डॉक्टर घडतात, असा दावा कोणी करू नये. शालान्त परीक्षा हेच येथे मोठे शिखर आहे. परंतु त्या परीक्षेवाचून परिचर्येचाही अभ्यासक्रम मिळत नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे या कामाचे स्थान कळते.

राखीव जागा आणि ओळखीचा दाखला

शालान्त परीक्षा झाल्यावर प्रवेश परीक्षेचा अडथळा येतो. बल्गेरियात काय किंवा रुमानियात काय, वैद्यकीय प्रवेशाची भिस्त मुख्यतः जीवशास्त्र व रसायनशास्त्र या विषयांवर असते. सधन घरातील मुले त्यासाठी दीर्घकाळ खासगी शिकवण्या लावतात.

रुमानियाने या बाबतीत राखीव जागांचा मार्ग पत्करला. बुखारेस्ट विद्यापीठात १९९०च्या दशकाच्या प्रारंभी समाजकार्याच्या शिक्षणासाठी रोमा विद्यार्थ्यांना काही जागा देण्यात आल्या. पुढे ही तरतूद देशातील अन्य विद्यापीठांना लागू झाली व वैद्यकीय विद्यापीठेही तीत आली. या जागांसाठी उमेदवाराला आपण रोमा असल्याबद्दल रोमा संघटनेचे शिफारसपत्र जोडावे लागते. दाखल्यासाठी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजविणाऱ्या आपल्याकडील पालकांना यात नवल वाटणार नाही. मात्र तेथे एक निराळाच पेच उभा राहिला. जागा मिळविण्यापुरती ओळख सांगायची आणि प्रवेश मिळताच ती लपवायची, असे अनेक विद्यार्थी करू लागले. सहाध्यायी 'तू राखीव जागेवरचा' म्हणून हिणवतील. रुग्ण रोमा डॉक्टरच्या हाताने तपासून घेण्यास कचरतील. विभागप्रमुखांचे मत कलुषित होईल, अशी भीती त्यामागे होती. ज्याचा वर्ण थोडा उजळ त्याला ओळख झाकणे सोपे जाई. परिणामी राखीव जागा भरत आणि तरीही वस्तीच्या दृष्टीला एकही रोमा डॉक्टर पडत नसे. योजनेचा हेतू अशा रीतीने अर्धाच साध्य होई. या अनुभवावरून राखीव जागाच निरर्थक ठरविणारे लोक तेथेही आहेत. परंतु दोष जागा राखण्यात नसून, जागा दिल्यावर विद्यार्थ्याला एकटे सोडण्यात होता.

शिष्यवृत्तीला जोड

रोमा समाजाच्या शिक्षणासाठी २००५ साली 'रोमा एज्युकेशन फंड' ही संस्था स्थापन झाली. बुडापेस्ट हे तिचे केंद्र होते. याच वर्षी मध्य व पूर्व युरोपातील अनेक सरकारांनी 'रोमा समावेशन दशक' जाहीर केले व ते २०१५ मध्ये संपले. या काळात ओपन सोसायटी प्रतिष्ठानांच्या सहकार्याने आरोग्यविषयक अभ्यासक्रमांसाठी खास शिष्यवृत्ती योजना आखण्यात आली. २००८ मध्ये ती रुमानियात सुरू झाली आणि नंतर बल्गेरिया, सर्बिया व मॅसिडोनिया या देशांत गेली. वैद्यक, दंतवैद्यक, औषधनिर्माण, परिचर्या, प्रसूतिविद्या अशा सर्व शाखांचे विद्यार्थी तीत पात्र होते. परिचारिकांना डॉक्टरांच्या बरोबरीने स्थान दिले, हे या योजनेचे शहाणपण म्हणावे लागेल. वस्तीतील स्त्रीचा संबंध डॉक्टरशी क्वचित आणि परिचारिकेशी वारंवार येतो. शिवाय वैद्यकाची सहा वर्षे आणि त्यापुढील विशेष प्रशिक्षण झेपणे प्रत्येक घराला शक्य नसते.

पैसा हा या योजनेचा एक भाग होता. दुसरा भाग प्रवेशपूर्व तयारीचा. बल्गेरियात वेलिको टर्नोवो येथील 'अमालिपे' या रोमा संघटनेने हे काम अंगावर घेतले व जीवशास्त्र-रसायनशास्त्राच्या शिकवणीची सोय केली. सधन मुलांना जी शिकवणी विकत मिळते, ती येथे योजनेतून मिळू लागली. खेड्यातील शाळेत पहिला आलेला मुलगा या वर्गात येई, तेव्हा आपल्याला काय काय शिकविलेच गेलेले नाही, हे त्याला प्रथमच कळे. एका वर्षात प्रवेश न मिळाल्यास पुन्हा बसण्याची तयारी ठेवावी लागे.

तिसरा भाग मार्गदर्शकाचा होता. प्रत्येक विद्यार्थ्याला त्याच्याच विद्याशाखेतील एखादा अध्यापक किंवा अनुभवी डॉक्टर जोडून देण्यात येई. घरात पूर्वी कोणी महाविद्यालयाचे तोंड पाहिलेले नसले, की लहानसहान गोष्टीही डोंगराएवढ्या होतात. शरीररचनाशास्त्राचे कोणते पुस्तक घ्यावे, तोंडी परीक्षेत अनुत्तीर्ण झाल्यावर पुन्हा अर्ज कोणाकडे करावा, विभागप्रमुखांना भेटायला केव्हा जावे, हे डॉक्टरच्या मुलाला जेवणाच्या टेबलावर समजते. रोमा मुलाला ते सांगणारे कोणी नसते. पहिल्या वर्षी अपयश आले, की 'हे आपले काम नव्हे' असे म्हणून तो घरी परततो आणि वस्तीत दुसऱ्या मुलाचे पाऊल पुढे पडायचे थांबते. मार्गदर्शकाचा उपयोग अभ्यासापेक्षाही या प्रसंगी अधिक होई.

चौथा भाग काहींना अनावश्यक वाटला होता. प्रत्यक्षात तोच सर्वांत मोलाचा ठरावा असा होता. सुट्टीत विद्यार्थ्यांची शिबिरे भरत. आपल्या समाजाचा इतिहास, रुग्णांचे हक्क, भेदभावाविरुद्धचे कायदे यांची माहिती तेथे दिली जाई आणि चारचौघांत उभे राहून बोलण्याचा सराव करून घेतला जाई. निरनिराळ्या शहरांत एकएकटे शिकणारे हे विद्यार्थी येथे एकमेकांना भेटत. आपल्या महाविद्यालयात आपण एकटेच रोमा आहोत, असे समजणाऱ्याला शेजारच्या शहरात आपल्यासारखेच आणखी काही जण असल्याचे दिसे. रुग्णालयात फेरीच्या वेळी कोणी वरिष्ठ रोमा रुग्णाविषयी तुच्छतेने बोलला, तर विद्यार्थ्याने काय करावे? गप्प राहावे, की 'मीही रोमा आहे' असे सांगावे? याचे ठरीव उत्तर शिबिरातही मिळणे शक्य नव्हते, परंतु असा प्रश्न मोठ्याने विचारता येतो, हे तेथे कळले. पुढे यांतील विद्यार्थी वस्त्यांत जाऊन लसीकरण, रक्तदाब, गरोदरपणातील काळजी यांविषयी बोलू लागले.

असे उदाहरण पूर्वी नव्हते, असे नाही. स्लोवाकियातील क्लेनोवेत्स गावी १९३२ साली जन्मलेले यान चिबुला डॉक्टर झाले, १९६८ नंतर स्वित्झर्लंडमध्ये स्थायिक झाले आणि तेथे वैद्यकीय व्यवसाय करीत असतानाच रोमांच्या हक्कांसाठी झटले. जिनिव्हा येथे १९७८ साली भरलेल्या दुसऱ्या जागतिक रोमा परिषदेत त्यांची आंतरराष्ट्रीय रोमा संघाच्या अध्यक्षपदी निवड झाली. परंतु एका असामान्य पुरुषाने भिंत ओलांडणे वेगळे आणि भिंतीला दार बसविणे वेगळे.

या योजनेच्या मर्यादाही नजरेआड करता येत नाहीत. २००७ मध्ये रुमानिया व बल्गेरिया युरोपीय संघात आल्यापासून तेथील डॉक्टर व परिचारिका मोठ्या संख्येने जर्मनी, फ्रान्स, ब्रिटन या देशांत गेल्या. रोमा पदवीधरानेच तेवढे कमी वेतनात गावी राहावे, असे त्याला कोणत्या तोंडाने सांगणार? त्याच्याही पाठीशी कुटुंब असते आणि परदेशात त्याला केवळ 'रुमानियन डॉक्टर' म्हणून ओळखले जाते, हा मोहही लहान नाही. शिवाय योजनेचा निधी मुख्यतः खासगी प्रतिष्ठानांचा होता. जे काम शासनाच्या अंदाजपत्रकात नसते, ते दात्याचा अग्रक्रम बदलला की डळमळते.

वस्तीतील मध्यस्थ

डॉक्टर तयार होण्यास दहा वर्षे लागतात. तोवर वस्तीने थांबावे काय? रुमानियात यावर आरोग्य-मध्यस्थ हा उपाय निघाला. १९९०च्या दशकात एका रोमा संघटनेने तो करून पाहिला आणि २००२ मध्ये आरोग्य मंत्रालयाने आदेश काढून त्याला शासकीय रूप दिले. वस्तीतीलच, बहुधा विवाहित व मुलेबाळे असलेली रोमा स्त्री यासाठी निवडली जाते. थोडे प्रशिक्षण देऊन तिच्याकडे गरोदर स्त्रियांची नोंद, बालकांचे लसीकरण, विम्याची कागदपत्रे, डॉक्टरकडे सोबत जाणे ही कामे सोपविली जातात. आपल्याकडील 'आशा' कार्यकर्तीशी तिचे बरेच साम्य आहे. फरक इतकाच, की तिला डॉक्टरचा पूर्वग्रहही हाताळावा लागतो. बल्गेरियात हे काम २००१ च्या सुमारास सुरू झाले आणि २००७ मध्ये त्याला अधिकृत व्यवसायाची मान्यता मिळाली. स्लोवाकियात एप्रिल २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत पाच रोमा वस्त्या पूर्णपणे बंद करण्यात आल्या, तेव्हाही वस्त्यांत आरोग्याची माहिती पोहोचविण्याचे काम अशाच कार्यकर्त्यांवर आले.

मध्यस्थ व डॉक्टर या दोन योजना एकमेकींना पूरक आहेत, हे मात्र पुष्कळ अधिकाऱ्यांच्या लक्षात आले नाही. रोमांना मध्यस्थ दिले, आता रोमा डॉक्टर कशाला, असा सूर काही ठिकाणी निघाला. तो घातक आहे. मध्यस्थ बाईला अल्प वेतन व त्याहून अल्प अधिकार असतो. रोमा व्यक्तीने आरोग्यखात्यात याच पायरीवर राहावे, असा अर्थ त्यातून निघतो. उलट मध्यस्थाचे घर हे वस्तीतील असे घर असते, जेथे रुग्णालयाची भीती मावळलेली असते. पुढची परिचारिका किंवा प्रसाविका शोधायची, तर प्रथम तेथेच शोधावी.

रुमानियात २००९ पासून मध्यस्थांची नेमणूक व वेतन ही जबाबदारी आरोग्य खात्याकडून स्थानिक नगरपालिका व ग्रामसंस्थांकडे गेली. जेथे महापौराला या कामाचे महत्त्व पटलेले होते, तेथे मध्यस्थ टिकले. जेथे ते पटले नव्हते किंवा नोकरभरतीवर बंदी होती, तेथे जागा रिकाम्या झाल्या. कायदा तोच, मंत्रालय तेच, वस्तीही तीच. परंतु गावच्या ठरावपुस्तकात एक ओळ लिहिली जाते की नाही, यावर पुढच्या वर्षी त्या वस्तीतील बालकांना लस मिळणार की नाही, हे ठरू लागले.